न विचारलेलें सांगावें कीं नाहीं?

वस्तु विकत घेणारानें कांहीं विचारिलें नाहीं, तर विकणारानें आपण होऊन तिचा दोष सांगितला पाहिजे काय? आणि न सांगितल्यास तें असत्य भाषण होतें काय? असा प्रश्न आमच्या एका उपदेशक बंधूनें आम्हांस केला आहे. वरवर पाहतां हा प्रश्न बाजाराचा दिसतो. परंतु तो आमच्याच मंडळीच्या एका जुन्या पिकअप गाडीवरून निघाला, आणि त्या प्रकरणांत आमच्याकडेहि दोष येत असल्यामुळें, उत्तर देण्यापूर्वीं घडलेली हकीकत सांगणें आम्हांस भाग आहे.

ही गाडी मंडळीच्या मालकीची. डिझेलवर चालणारी, मागें उघडा हौदा असलेली. रविवारीं दूरच्या वस्त्यांवरील वृद्धांस उपासनेस आणावें, एखादी बाळंतीण अडली तर तिला तालुक्याच्या दवाखान्यांत पोंचवावें, आणि इतर दिवशीं भाड्यानें कांद्याच्या गोण्या वाहून आपला खर्च आपण काढावा, असा तिचा क्रम. तिची डिझेलची टाकी हौद्याखालीं दोन लोखंडी पट्ट्यांनीं टांगलेली आहे. अशी पत्र्याची टाकी दोन वाटांनीं मरते. पट्टा आणि टाकी ह्यांच्या मध्यें चिखल जाऊन बसतो, तो ओल धरून ठेवितो, आणि पत्रा बाहेरून खात जातो. ही एक वाट. दुसरी वाट आंतली. टाकी अर्धी रिकामी राहिली म्हणजे रात्रीच्या गारव्यानें आंतल्या हवेंतील दमटपणाचे थेंब पत्र्यावर धरतात. पाणी डिझेलहून जड, म्हणून तें तळाशीं जाऊन बसतें आणि तेथून हलत नाहीं. वर डिझेल स्वच्छ दिसत असतें, आणि तळाशीं गंज आपलें काम करीत असतो.

एके दिवशीं गाडीखालच्या धुळींत काळा डाग दिसूं लागला. मिस्त्री गाडीखालीं निजून पाहून बाहेर आले व म्हणाले, "पाळकसाहेब, दिसतंय तें भोक बारीक आहे, पण आंतून सगळा पत्रा कागदासारखा झाला आहे. टाकी बदला." पंचकमिटी बसली. नव्या टाकीस उपदेशकाच्या एका महिन्याच्या पगाराइतका खर्च येत होता, आणि तो पगार अगोदरच दोन महिने थकलेला. तेव्हां कोणी सुचविलें कीं साबण लावावा. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं गाडी किंवा ट्रॅक्टर आहे त्यांस हा उपाय ठाऊक असेल. कपडे धुण्याचा साबण मळून फटींत दाबला म्हणजे डिझेल त्यास सहज विरघळवीत नाहीं, आणि गळती कांहीं वेळ थांबते. रस्त्यांत अडकलेल्या माणसास घर गांठण्यापुरता हा उपाय चांगला आहे. आम्हीं त्यावर आठ महिने काढिले. ठरावाच्या वहींत ही गोष्ट लिहिलेली आहे व तिच्याखालीं आमची सही आहे.

ह्या आठ महिन्यांत आमचा एक नेम कधीं चुकला नाहीं. गाडी निघण्यापूर्वीं आम्ही सर्वजण हौद्याभोंवतीं उभे राहून प्रवासासाठीं प्रार्थना करीत असूं. वर प्रार्थना, आणि खालीं साबण. प्रभूस मंदिराच्या शिखरावर उभें करून सैतानानें उडी घेण्यास सांगितलें, ती कथा (मत्तय 4) आम्हीं ह्याच काळांत दोन वेळां उपदेशास घेतली होती. परंतु तिचा आमच्या टाकीशीं कांहीं संबंध असेल असें त्या वेळीं मनांत आलें नाहीं.

पुढें एका रात्रीं तापानें फणफणलेलें एक लेंकरूं आणि त्याची आई ह्यांस घेऊन गाडी दवाखान्याकडे निघाली असतां घाटांत बंद पडली. टाकींतला गंज फिल्टरांत जाऊन बसला होता, आणि इंजिनास डिझेल मिळेना. मागून दुधाचा टेंपो आला, त्यानें त्या मायलेंकरांस उचलून नेलें. लेंकरूं वांचलें. ह्यांत आमची कर्तबगारी कांहीं नाहीं. त्या आठवड्यांत पैसे उभे राहिले, कसे तें येथें सांगण्याचें कारण नाहीं. एवढेंच कीं जे आठ महिने मिळत नव्हते ते चार दिवसांत मिळाले.

टाकी बदलतांना आम्ही तेथें उभे होतों. मिस्त्रींनीं प्रथम बॅटरीची तार सोडविली, डिझेल काढून घेतलें, टाकीखालीं फळी व जॅक लाविला, रबरी नळ्या आणि काट्याची तार सोडविली, आणि मग पट्ट्यांचे बोल्ट फिरविले. टाकी खालीं आली. ती उलटी केली तेव्हां तिच्यांतून ओंजळभर तांबडा गाळ पडला. नवी टाकी चढवितांना पट्ट्यांच्या आंतून रबराच्या नव्या पट्ट्या घातल्या, फिल्टर नवा घातला, आणि काम झालें. मंडळींतील एक तरुण म्हणाला, "जुनी टाकी रिकामी आहे, वेल्डिंगवाल्याकडून ठिगळ मारून आणतों, कधीं उपयोगास पडेल." मिस्त्रींनीं त्याचा हात धरिला. ते म्हणाले, "भरलेल्या टाकीपेक्षां रिकामी टाकी वाईट. डिझेल गेलं तरी त्याचा ओलावा पत्र्याला धरून राहतो; ज्योत लागली कीं त्याची वाफ होते आणि ती वाफ टाकी फोडते. माणूस वेल्डिंग करतांना मेलेला मीं पाहिला आहे." झाडून स्वच्छ केलेलें रिकामें घर आणि त्यांत परत येणारा अशुद्ध आत्मा (मत्तय 12) हा दृष्टांत शिकविणाऱ्या उपदेशकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, शिवाय आपल्या गांवांतील तरुणांस ती तशीच, दृष्टांतावांचूनहि, सांगावी.

आतां प्रश्न येथें उत्पन्न झाला. शेजारच्या गांवच्या एका शेतकऱ्याजवळ तशाच बनावटीचा जुना टेंपो आहे. तो आला व म्हणाला, "टाकी आहे तशी द्या, मी बघून घेईन." किंमतहि बरी देत होता, नव्या टाकीच्या खर्चाचा चौथा हिस्सा तरी भरून निघाला असता. त्यानें कांहीं विचारिलें नाहीं. तो तेथून थोडा वेळ बाहेर गेला असतां आमच्यांत बोलणें झालें. एक पंच म्हणाले कीं, तो शाहणासुर्ता माणूस आहे, वस्तु त्याच्या डोळ्यांपुढें आहे, आणि आपण कांहीं खोटें बोललों नाहीं. दुसरे म्हणाले कीं, तो आपल्या मंडळीचा नव्हे. आणि त्यांनीं पवित्र शास्त्र उघडून अनुवाद 14:21 काढून दाखविलें. तेथें मेलेलें जनावर इस्राएलानें स्वतः खाऊं नये, परंतु परक्यास विकावें, अशी मोकळीक आहे. ह्या वेळीं आमच्या उपदेशक बंधूनें सर्वांसमक्ष आम्हांस तो प्रश्न केला, जो ह्या लेखाच्या आरंभीं दिला आहे.

शास्त्र काढून दाखविणाऱ्या पंचांस आधीं उत्तर दिलें पाहिजे, कारण त्यांनीं काढलेलें वचन खरेंच तेथें आहे. परंतु तो नियम विधिशुद्धीचा आहे. मेलेलें जनावर इस्राएलास अशुद्ध होतें, परक्यास तसें वाटत नव्हतें; आणि तें आपोआप मेलेलें आहे हें लपवून विकावें असें तेथें म्हटलेलें नाहीं. घेणारास काय मिळत आहे हें ठाऊक होतें. आपण जी टाकी विकूं पाहत होतों तिच्यांतला दोष परक्याच्या टेंपोखालीं जाऊन शुद्ध होणार नव्हता. पेटलेला पत्रा ख्रिस्ती आणि हिंदु असा भेद करीत नाहीं.

मुख्य प्रश्नास मोशेच्या नियमशास्त्रांत दोन जागीं उत्तर आहे, असें आम्हांस वाटतें. पहिली जागा निर्गमाचा 21 वा अध्याय. बैलानें माणसास मारिलें तर बैलाचा धनी निर्दोष ठरतो. परंतु तो बैल पूर्वींपासून मारका आहे आणि धन्यास तसें सांगितलें गेलें असतांहि त्यानें त्याला बांधून ठेविलें नाहीं, तर धनी दोषी. बैल तोच, शिंगें तींच, जखम तीच. फरक इतकाच कीं धन्यास ठाऊक होतें. मिस्त्री गाडीखालून बाहेर येऊन बोलले त्या क्षणीं आमचा बैल मारका ठरला. त्यापूर्वीं आम्हीं ती टाकी विकिली असती तर आम्ही बैलाच्या पहिल्या धन्यासारखे असतों. त्यानंतर नव्हे.

दुसरी जागा अनुवाद 22:8. नवें घर बांधणारानें धाब्यास कठडा करावा, नाहीं तर कोणी वरून पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल. दख्खनच्या ज्या खेड्यांत मातीचीं धाबीं अद्याप आहेत, तेथील लोकांस हें वचन समजावून सांगावें लागत नाहीं. उन्हाळ्यांत धाब्यावर निजलेला माणूस झोपेंत कडेस सरकतो हें त्यांनीं पाहिलें आहे. ह्यांत विचार करण्याजोगी गोष्ट अशी कीं, पडणारा आपल्याच बेसावधपणानें पडतो. त्याला कोणी ढकलीत नाहीं. धाबें मजबूत आहे, त्यांत दोष नाहीं. तरीहि घरधन्यास विचारिलें जाईल. म्हणजे "तो शाहणासुर्ता होता, त्यानें पाहावयास पाहिजे होतें" हें आमच्या पंचांचें बोलणें मोशेपुढें चाललें नसतें.

कोणी म्हणेल कीं ह्या जुन्या काळच्या गोष्टी. आजच्या यंत्रांच्या व्यवहारांत सरकारी नियम आहेत, ते पाळिले म्हणजे झालें. ह्याविषयीं अमेरिकेंतील एक प्रकरण सांगण्यासारखें आहे, आणि तेंहि पिकअप गाड्यांच्या टाक्यांचेंच आहे. जनरल मोटर्स ह्या कंपनीनें 1973 पासून 1987 पर्यंतच्या आपल्या मोठ्या पिकअप गाड्यांस पेट्रोलच्या टाक्या चेसीच्या दोन लांब तुळयांच्या बाहेर, बाजूस बसविल्या. त्यापूर्वीं टाकी आसनाच्या मागें, चालकाच्या खोलींतच असे. ती तेथून काढणें ही एक प्रकारें सुधारणाच होती. शिवाय बाजूस जागा असल्यामुळें दोन टाक्या बसवून लांबचा पल्ला गांठतां येई. परंतु दुसरें वाहन बाजूनें येऊन आदळलें, तर तें आणि टाकी ह्यांच्या मध्यें गाडीच्या पातळ पत्र्यावांचून विशेष आडोसा नव्हता. अशा टकरींत आगी लागून माणसें मेलीं, व खटले उभे राहिले. कंपनीचें म्हणणें असें कीं, गाड्या त्या काळच्या सरकारी नियमांत बसत होत्या, आणि एकंदर अपघातांचा हिशेब पाहतां त्या दुसऱ्यांच्या गाड्यांहून वाईट नव्हत्या. नियमांत बसत होत्या, हें खरें होतें. तेथील सरकारनें डिसेंबर 1992 मध्यें चौकशी मांडली; 1993 मध्यें कंपनीनें आपण होऊन गाड्या परत बोलवाव्या अशी सूचना केली, ती कंपनीनें मानिली नाहीं; आणि डिसेंबर 1994 मध्यें तडजोड होऊन कंपनीनें सुरक्षेच्या कामांसाठीं 5 कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचें पत्करिलें. गाड्या परत बोलाविल्या गेल्या नाहींत. 1988 पासूनच्या नव्या नमुन्यांत टाकी मात्र तुळयांच्या आंत आलेली होती. पुढें कित्येक मालकांनीं आपल्याच खर्चानें बाजूची टाकी काढून मागें, जादा चाक टांगण्याच्या जागीं, दोन तुळयांच्या मध्यें दुसरी टाकी बसवून घेतली. आम्हांस असें वाटतें कीं, ज्यानें कोणाच्या आज्ञेवांचून अशा रीतीनें टाकी हलविली, त्यानें आपल्या धाब्यास कठडा केला. सरकारी नियम हा कमींत कमी काय पाहिजे तें सांगतो. शेजाऱ्याचें देणें किती, हें त्यावरून ठरत नाहीं.

ह्याच प्रकरणाची दुसरी बाजूहि आहे, आणि उपदेशकांस ती अधिक उपयोगाची आहे. 17 नोव्हेंबर 1992 रोजीं एन. बी. सी. ह्या दूरचित्रवाणी संस्थेनें ह्या गाड्यांचा धोका दाखविण्यासाठीं एका टकरीचें चित्र दाखविलें. टक्कर झाली आणि आगीचा डोंब उसळला. पुढें असें उघड झालें कीं, आग हटकून लागावी म्हणून गाडीखालीं खेळण्यांतील अग्निबाणाच्या नळ्या बांधून ठेविल्या होत्या. फेब्रुवारी 1993 मध्यें कंपनीनें फिर्याद लाविली, दुसऱ्याच दिवशीं संस्थेनें जाहीर क्षमा मागितली, आणि तिच्या बातमीखात्याच्या अध्यक्षांस कांहीं दिवसांनीं पद सोडावें लागलें. आतां पाहा, त्या लोकांनीं तरी खोटें काय सांगितलें? गाडी खरी, टक्कर खरी, आगहि खरी. नळ्यांविषयीं प्रेक्षकांनीं विचारिलें नव्हतें म्हणून त्यांनीं सांगितलें नाहीं, इतकेंच. आमचे पंचहि नेमकें हेंच म्हणत होते. आणि त्याचें फळ असें झालें कीं, ज्यांचीं माणसें खरोखर जळून मेलीं होतीं त्यांच्या खऱ्या तक्रारीवरहि शंका घेण्यास लोकांस जागा मिळाली.

ईयोबानें आपल्या मित्रांस विचारिलें होतें कीं, देवाची बाजू राखण्यासाठीं तुम्ही कपटानें बोलणार काय (ईयोब 13). देवाची बाजूहि जर लबाडीनें राखावयाची नाहीं, तर दुसऱ्या कोणाची राखावी? आम्ही हें अमेरिकेच्या लोकांस उद्देशून लिहीत नाहीं. वार्षिक अहवालांत बाप्तिस्म्यांची संख्या लिहितांना जे दोन गांव सोडून गेले त्यांचा उल्लेख गाळणें, बरें झालेल्या रोग्याची साक्ष सांगतांना त्यास दिलेल्या औषधाचें नांव न घेणें, हीं आपल्याकडील अग्निबाणाचीं नळकांडीं आहेत. त्यांविषयींहि कोणी विचारीत नाहीं.

आतां जी अडचण आम्हांस सर्वांत मोठी वाटते ती सांगूं. गरीबानें काय करावें? ज्याच्या घरीं पोरांच्या वह्यांस पैसा नाहीं त्यानें नवी टाकी कोठून आणावी? साबण लावून गाडी हांकणारा प्रत्येक मनुष्य पापी आहे, असें म्हणण्यास आमचें मन घेत नाहीं. जो मनुष्य धोका जाणून तो स्वतःवर घेतो, त्याचा झगडा त्याच्या गरिबीशीं आहे, आणि देव त्याचा न्याय दयेनें करील. परंतु त्या रात्रीं हौद्यांत बसलेल्या आईस साबण ठाऊक नव्हता. तिच्यावर तो धोका आम्हीं घातला, आणि तिला विचारिलें नाहीं. लेवीयांच्या 19 व्या अध्यायांत आंधळ्यापुढें अडखळण ठेवूं नये अशी आज्ञा आहे; ज्यास ठाऊक नाहीं तो त्या गोष्टीपुरता आंधळाच होय. मागाहून आम्हीं त्या बाईजवळ जाऊन सर्व सांगितलें. ती म्हणाली, "सांगितलं असतं तरी मी बसलेच असते. दुसरी गाडी कोठें होती?" हें उत्तर ऐकून आमचें समाधान व्हावें असें तिला वाटत असावें, परंतु आमचें झालें नाहीं. सांगणें हें आपलें कर्तव्य आहे, पण ज्याच्यापुढें दुसरी वाट नाहीं त्याला नुसतें सांगून आपण मोकळे होत नाहीं. वांचवितां येण्याजोगें आपल्या हातांत असेल तर तेंहि केलें पाहिजे, आणि पैसे चार दिवसांत मिळाले त्यावरून तें आमच्या हातांत होतें.

तेव्हां उपदेशक बंधूच्या प्रश्नास आमचें उत्तर असें: होय, आपण होऊन सांगितलें पाहिजे, आणि ज्या दोषानें घेणाराच्या जिवास अपाय होईल तो न सांगणें हें तोंडानें खोटें न बोलतां खोटें बोलणेंच आहे. किमतीचा, रंगाचा, किंवा चार दिवस कमी टिकण्याचा दोष असेल तर त्याचा विचार निराळा. बाजारांत बैलाचे दांत पाहणें घेणाराचें काम आहे, आणि प्रत्येक सौद्यांत मनास टोंचणी लावून घेण्याची गरज नाहीं.

शेतकरी परत आला तेव्हां आम्हीं त्याला तो तांबडा गाळ दाखविला व टाकी देत नाहीं म्हणून सांगितलें. त्याच्यासमोरच मिस्त्रींनीं टाकी पाण्यानें भरून तिला टोंचणीनें चार भोकें पाडिलीं, म्हणजे ती पुन्हां कोणाच्या गाडीखालीं जाऊं नये, आणि ती वजनावर भंगारांत गेली. पंचांपैकीं एकजण त्या दिवसापासून आमच्याशीं मोजकें बोलतात. शेतकऱ्यासहि राग आला. "चांगली वस्तु नासवली, पण मला दिली नाहीं," असें तो म्हणाला, आणि पुढच्या बाजारीं तालुक्याच्या भंगारवाल्याकडून तशीच एक जुनी टाकी घेऊन आला.

आम्ही त्याच्या शेतावर गेलों होतों. टेंपोखालीं वांकून पाहिलें तों पट्ट्याजवळ साबण लावलेला होता. आम्हीं त्याला घाटांतल्या रात्रीची सर्व हकीकत सांगितली, आमच्या सहीसकट. त्यानें ती शांतपणें ऐकून घेतली, चहा दिला, आणि म्हणाला, "महाराज, कांदा निघाला कीं बघूं." आम्हीं त्याला मिस्त्रींचा पत्ता दिला, आणि नव्या टाकीस कमी पडतील ते पैसे मंडळीनें उसने द्यावे असा विषय पंचकमिटीपुढें ठेविला आहे, त्यावर अद्याप एकमत झालेलें नाहीं. रांगडा कांदा निघण्यास अजून दोन महिने आहेत, आणि तो टेंपो रोज सकाळीं शाळेच्या पोरांस घेऊन आमच्या दारावरून जातो.